घर फार चांगलं ठेवलंस, बाई

बाई, तुझ्या पुण्यानुमोदनाला जेवढे बोलायला उभे राहिले, ते सगळे म्हणाले की शांताबाई नावाप्रमाणेच शांत होत्या. मी मागे बायकांत बसले होते. इतक्या दुःखातही मला हसू फुटायची वेळ आली. पदर तोंडाला लावला, तर शेजारणीला वाटलं मी रडते आहे, आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. तू आणि शांत? नळाला पाणी आलं नाही की ग्रामपंचायतीच्या पायरीवर पाण्याचा रिकामा गुंड ठेवून बसून राहणारी तू. रेशनच्या तांदळात खडे निघाले तेव्हा ओंजळभर तांदूळ पदराला बांधून थेट दुकानदाराच्या बायकोला दाखवायला गेलेली तू. माणूस गेला की लोक त्याला इतका घासूनपुसून ठेवतात की घरच्यांनाही तो ओळखू येत नाही.

मला तुला तसं ठेवायचं नाही. मी तुझी पाठची बहीण, आणि वर तुझी जाऊसुद्धा. बाबांनी दोघींना एकाच घरात दिलं, तू मोठ्या भावाला, मी लहान्याला. लग्नानंतर गावातल्या बायका मला शिकवायच्या की मोठ्या जावेला तुम्ही म्हणायचं असतं. मी काही ते ऐकलं नाही. जन्मापासून तुला बाई म्हणत आले, तू म्हणत आले, तसंच शेवटपर्यंत म्हटलं.

दोघे भाऊ वेगळे झाले तेव्हा जुनं मातीचं घर तुमच्या वाट्याला आलं आणि बाजूची मोकळी जागा आमच्या. माझं अंगणवाडीचं मानधन आणि यांची वनखात्यातली नोकरी, त्यावर आम्ही थांबत थांबत सिमेंटचं घर उभं केलं. तू मातीतच राहिलीस. भाऊजी गेले. मग तुझी रंजना नवऱ्यापासून सुटून लेकीला घेऊन परत आली, आणि त्या दोन खोल्यांत तुम्ही तीन पिढ्या राहायला लागलात. मागची भिंत पोटातून फुगली होती. आढ्याला वाळवी लागली होती. पावसाळ्यात कुठे गळेल याचा नेम नसायचा, म्हणून झोपायची जागा रोज बदलायची. हे मला माहीत होतं, रंजनाला माहीत होतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला मात्र कळायची सोय नव्हती, कारण रस्त्याकडची बाजू तू अशी ठेवायचीस की तालुक्याहून येणारे लोक उभे राहून बघायचे.

नाल्यापलीकडून पांढरी छुई माती डोक्यावर आणायची. शेण, माती आणि धानाचा कोंडा तुडवून आधी भिंतीची भगदाडं भरायची, मग त्यावर छुईचा पोतारा. तुझा हात खांद्यापासून फिरायचा, त्यामुळे भिंतीवर बोटांच्या मोठमोठ्या कमानी उमटायच्या. खाली गेरूचा पट्टा, दोरी न लावता सरळ. मृगाच्या आधी कवेलू फेरायला, फुटकी कौलं बदलायला, तू स्वतः छपरावर चढायचीस. गुडघे गेल्यावर खाली उभी राहून रंजनाला ओरडायला लागलीस, आणि ते ओरडणं माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यायचं. मी आतूनच म्हणायचे, चढली वाटते कार्टी.

तर घरकुलाचा सर्वे येणार असं ग्रामसेवकाने सांगितलं, तो दिवस मला आठवतो. मी अंगणवाडीतून आले तर तू अंगणात माती तुडवत होतीस. सणवार नाही, लग्न नाही. मी विचारलं, हे काय काढलं? तर म्हणालीस, "उद्या सरकारी मानूस येऊन राहिला ना घरी." माझ्या डोक्यात काही शिरलंच नाही. मीसुद्धा हातपाय धुऊन तुला पाणी आणून द्यायला लागले. आपल्या दोघींना वाटलं, घर बघायला कोणी येणार म्हणजे घर बघण्यासारखं असावं. गावातल्या अर्ध्या बायकांनी त्या दिवशी हेच केलं. पडकं घर पडकंच दाखवायचं असतं हे आपल्याला कोणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवलं असतं तरी तू ऐकणारी नव्हतीस.

तो माणूस गोंदियाचा होता, हिंदी बोलणारा, स्वभावाने भला. दारात सडा, रांगोळी, ओटा सारवलेला, आत दोन तसबिरींना ताजे हार. तू त्याला काळी चाय दिलीस आणि पोहे. त्याने चपला बाहेर काढल्या. इकडेतिकडे बघत म्हणाला, "माताजी, घर तो आपने बहुत बढ़िया रखा है." तू लाजलीस. खरंच लाजलीस, बाई, मी पाहिलं. त्याने मोबाइलवर समोरून फोटो काढला, तुला दारात उभं करून. मागची भिंत दाखवावी असं तुझ्या मनात आलं नाही. पाहुण्याला कोणी घराची मागची बाजू दाखवतं का? रंजना काहीतरी बोलायला गेली तर तू तिच्याकडे असं बघितलंस की ती पुन्हा चाय ठेवायला आत निघून गेली. पुढे किती तरी दिवस तू भेटेल त्याला सांगत होतीस की सरकारी माणसाने तुझं घर वाखाणलं.

मग ग्रामसभेत घरकुलाची नावं वाचून दाखवली आणि त्यात तुझं नाव नव्हतं. तू शेवटपर्यंत थांबलीस. सगळे उठायला लागले तेव्हा तू उभी राहून विचारलंस, "माहं नाव काऊन नाई?" ग्रामसेवक काही वाईट माणूस नाही, तो खाली बघून म्हणाला, "मावशी, तुमच्या घराची स्थिती चांगली लिहून आली आहे. मी नाही लिहिली, सर्वेत आली." मागून कोणीतरी हसलं. तू वळून त्या बाजूला बघितलंस, मग पुन्हा त्याच्याकडे. म्हणालीस, "घर चांगलं ठेवलं हा माहा गुन्हा झाला काय?" तो म्हणाला, पुन्हा सर्वे होईल, मी वर लिहून पाठवतो. आणि त्याने पाठवलं, हेही मला सांगायला हवं. त्याच्या हातात होतं तेवढं त्याने केलं.

मी त्या दिवसापासून सरकारला शिव्या द्यायला लागले. त्यात मी पटाईत आहे, मानधन थकलं की माझं तोंड सुटतंच. तू मात्र सरकारला कधी शिवी दिली नाहीस. भांडायचीस, पण नात्यातल्या माणसाशी भांडावं तसं. निराधारचे पैसे येतात, रेशन येतं, नर्सबाई घरी येऊन बीपी बघून जाते, मग ते परकं कसं, असं तुझं म्हणणं. दूरच्या काकासारखं, उशिरा येतो, कधी विसरतो, पण आला की त्याच्यासमोर घर नीट दिसलं पाहिजे. मला हा तुझा भाबडेपणा वाटायचा. अजूनही थोडा वाटतो.

आपलं खरं भांडण झालं ते पुढच्या उन्हाळ्यात. तू ओट्यावर मोहफुलं वाळत घालत होतीस आणि मी ठरवूनच आले होते.

मी म्हटलं, "बाई, यंदा भिंतीले हात लावू नोको. पुन्हा सर्वे येऊन राहिला म्हणतात. जसं हाय तसं दिसू दे."

"जसं हाय तसं म्हंजे कसं?"

"पडकं."

"पडकं कुठं हाय? मी पडू देलं काय कधी?"

"तेच तं म्हणून राहिली मी. एक वर्स पडू दे."

तू फुलं पसरत राहिलीस. मग मला विचारलंस, "तुह्या अंगणवाडीत कमी वजनाच्या पोराले जास्तीचा आहार भेटते ना?"

"भेटते."

"मंग तो भेटावा म्हणून तू चांगल्या पोराले उपाशी ठेवशील?"

मी म्हटलं, "घर म्हंजे पोरगं नोहे."

"तुह्यासाठी नोहे."

माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, रंजनाचा विचार कर, तिच्या लेकीचा कर, तुझ्या हौसेपायी त्या दोघी जन्मभर गळक्या छपराखाली राहतील. तू म्हणालीस, त्यांच्यासाठीच तर करते, भिंत सोडली तर उद्याच अंगावर येईल. मी म्हटलं, "मंग राहा त्या मातीत." आणि तू म्हणालीस, "राहूनच राहिली."

मी पाय आपटत घरी आले. आपण काही दिवस बोललो नाही, एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना तोंडं फिरवून कपडे वाळत घातले. मग एकदा रंजनाच्या हाती लाखोळीच्या डाळीचे वडे पाठवलेस, मी ताटली परत पाठवताना त्यात आंबे ठेवले, आणि बोलणं सुरू झालं. त्या विषयावर मात्र दोघींपैकी कोणीच माघार घेतली नाही. दिवाळीला तू भिंती सारवल्यास. सर्वे काही त्या वर्षी आला नाही. येणार येणार म्हणत राहिले. म्हणजे तूही हरली नाहीस आणि मीही जिंकले नाही, भांडण आपलं तसंच लोंबकळत राहिलं.

आज मला वाटतं तू बरोबर होतीस. उद्या पुन्हा वाटेल की मी बरोबर होते. तू समोर नसलीस की भांडायला मजा येत नाही, आपलंच म्हणणं आपल्याला पोकळ वाटायला लागतं.

एक गोष्ट तुला कधी बोलले नाही, ती आता सांगते. वैशाखात माझं सिमेंटचं घर भट्टीसारखं तापायचं. मी रोज दुपारी काही ना काही निमित्त काढून तुझ्याकडे यायचे, कधी सुई मागायला, कधी विरजणाला जामन मागायला, आणि तुझ्या सारवलेल्या जमिनीवर आडवी व्हायचे. तू काही विचारायची नाहीस, उशाला घडी केलेलं लुगडं सरकवून द्यायचीस. तुला पक्कं घर मिळावं म्हणून मी भांडत होते आणि झोपायला मात्र तुझ्या कच्च्या घरात येत होते. त्या झोपेसारखी झोप मला कुठे लागली नाही. हे तुला सांगायला पाहिजे होतं. सांगितलं असतं तर तू वर्षभर मला चिडवलं असतंस, म्हणून नाही सांगितलं.

आजारपणात तू कोणाला त्रास दिला नाहीस, हेही पुण्यानुमोदनाला लोक बोलले. खोटं आहे. तू सगळ्यांना त्रास दिलास. दम लागायला लागला तेव्हा नर्सबाई धावत आली, तिनेच गाडीला फोन लावला आणि गाडी वेळेवर आली. त्या गाडीत नळी लावलेली असताना तू मला खुणेने जवळ बोलावलंस. मला वाटलं काही महत्त्वाचं असेल. तू म्हणालीस, "डायव्हरले पाणी देलं का?" मी म्हटलं, तू गप राह. गोंदियाच्या दवाखान्यात पलंगाशेजारच्या खिडकीवर धूळ होती. तुला उठवत नव्हतं, तर पदराचं टोक माझ्या हातात देऊन ती पुसायला लावलीस. मी पुसली. नर्स म्हणाली, मावशी, सफाईवाली येते ना. तू म्हणालीस, "येईल तवा येईल." डॉक्टरांनी आणि तिथल्या पोरींनी त्यांच्याकडून होईल तेवढं केलं. यावेळी मला शिव्या द्यायला कोणी सापडलं नाही, आणि तेच मला जड गेलं. राग काढायला जागा असली की माणूस जरा तग धरतो.

तू गेलीस ती मृगाच्या तोंडावर. जलदान, पुण्यानुमोदन, येणारेजाणारे, यात कवेलू फेरायचे राहून गेले. रंजना छपराकडे बघायची आणि आत निघून जायची. मी तिला आणि पोरीला आमच्याकडे झोपायला आणलं. म्हटलं, पाऊस उघडला की बघू. पाऊस उघडला नाही. धानाच्या रोवण्या सुरू झाल्या, मजूर मिळेना, आणि एका सकाळी मोठी पोती टाकल्यासारखा आवाज आला. मी आणि रंजना धावलो. मागची भिंत बसली होती. आढं एका बाजूला वाकलं होतं, कवेलूंचा खच चुलीवर पडला होता. कोणी आत नव्हतं म्हणून बरं. रंजना चिखलात उभी राहून नुसती बघत होती. म्हणाली, "मावशी, आई असती तं पडली नसती." मला हे माहीत होतं, तरी तिच्या तोंडून ऐकवलं नाही.

इतकी वर्षं ती भिंत तुझ्या भरवशावर उभी होती. आम्ही समजत होतो तू ती सजवतेस. तू तिला धरून ठेवली होतीस, बाई.

पंचनाम्याला ग्रामसेवक आला. त्याने सांगितलं की सर्वे पुन्हा सुरू झाला आहे, वारस म्हणून रंजनाचं नाव घालता येईल, फोटो आत्ताच काढून टाकू. रंजनाने ऐकलं आणि आमच्याकडे जाऊन तोंड धुतलं, लेकीची वेणी घातली, तुझी निळ्या काठाची साडी नेसून आली. आणि सवयीने जाऊन समोरच्या दारात उभी राहिली, पोरीला पुढे घेऊन. समोरची भिंत तशीच आहे. तू दिवाळीला दिलेला पोतारा, त्या कमानी, गेरूचा पट्टा, सगळं जागच्या जागी. एवढा पाऊस झाला, पण छपराचा तो भाग शाबूत असल्याने छुई निघाली नाही. दोघी मायलेकी तिथे इतक्या छान दिसत होत्या.

ग्रामसेवकाने मोबाइल वर केला आणि खाली घेतला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, इथून नको. ही भिंत आली तर पुन्हा तेच होईल. मागून घेऊ." त्याचं तोंड उतरलं होतं. त्यालाही ती ग्रामसभा आठवत असणार.

मग मीच रंजनाचा हात धरून तिला घराला वळसा घालून मागे नेलं. तिने विचारलं, "काऊन मावशी, इथं चांगला येते ना फोटो?" मी म्हटलं, "चल." पडलेल्या मातीच्या ढिगाजवळ दोघींना उभं केलं. ग्रामसेवक म्हणाला, थोडं उजवीकडे सरका, समोरची बाजू दिसायला नको. त्या सरकल्या. तुझं काहीही त्या फोटोत येणार नाही याची खात्री करून घेऊन त्याने फोटो काढला. बघून म्हणाला, "आता काही अडचण दिसत नाही. होऊन जाईल."

होईल, बाई. तुझ्या लेकीला पक्कं घर मिळेल, नातीच्या अंगावर पाणी गळणार नाही, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. ग्रामसेवक गेल्यावर मी घरी येऊन दार लावून घेतलं आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा मोकळ्या गळ्याने रडले. तू होतीस तोवर ते घर सरकारला पडकं दिसत नव्हतं. ते पडकं दिसायला तुला जावं लागलं, आणि तरीही जेवढं तू मागे ठेवून गेलीस तेवढं आम्हाला लपवावं लागलं. लपवलं मी. ज्याच्यासाठी मी तुझ्याशी भांडले ते शेवटी मला असं मिळालं.

काल रंजना हिशेबाने विचारत होती, मंजुरी आली की जागा मोकळी करून द्यावी लागेल, समोरची भिंत पाडावी लागेल, तेव्हा मावशी तू उभी राहशील ना? मी तिला सांगितलं, मजूर लाव, आणि मला आधी कळव, त्या दिवशी मी गावात राहणार नाही.